आमच्या समुद्रात मीठ कोण टाकून राहिलं

हसाचं असन तं आताच हसून घ्या. मधात कोणी हसलं तं मी चहा अर्धा टाकून उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. माझ्या रागाचे किस्से तुम्ही आमच्या नागपूरच्या नंदनवनात कोणालेही विचारा, पोतंभर निघतील. पण मी आपल्याच रागानं तोंडावर कसा आपटलो, हे फक्त घरच्याईले माहीत आहे. अन् ते मले अजून सुखानं जगू देत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाचा मे महिना. मी इरिगेशनच्या हापिसात नकाशे काढत होतो, नंदनवनात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. माझी बायको कुसुम, तिले नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी कराची रीत, पण तिचं माहेर कुहीच्या पलीकडच्या खेड्यात. तिथं वेळेवर ना डॉक्टर ना गाडी. इथल्या डॉक्टरीणबाईनं साफ सांगितलं, हिले हलवू नका. मंग मामीजीच आमच्याकडे राहाले आल्या. मामीजी म्हणजे माझी सासू.

माझी आई तं कधीचीच गेली होती. बाळंतिणीचं न्हाणं, शेक, डिंकाचे लाडू, लेकराचं अंग रगडणं, यातलं मले काय येत होतं? नकाशा काढता येत होता. मामीजी घरात नसत्या तं कुसुमचं काय झालं असतं, ते तुम्हीच पाहा. मलेही ते समजत होतं. तरी मी काय केलं ते ऐका.

आमच्या घरात काचेची एक टाकी होती. कुसुमनं हौसेनं सीताबर्डीवरून काळ्या मोली मासोळ्या आणल्या होत्या. लहान, कोळशासारख्या काळ्या, अन् पिल्लं देणाऱ्या. मले त्याईचं काही देणंघेणं नव्हतं. पण दिवाळीत मुंबईचा साडू आला, टाकीपाशी उभा राहिला अन् म्हणाला, "छान आहेत हो. पण मासे बघायचे तर समुद्राचे. तुमच्या नागपुरात काय, फुटाळा तलाव."

तुम्ही असते तं सोडून दिलं असतं. मी सोडत नाही.

वाचनालयातून मासे पाळाचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं का मोली खाडीच्या पाण्यातही जगते, अन् थोडं थोडं मीठ वाढवत नेलं तं पक्क्या समुद्राच्या पाण्यातही मजेत राहते. बस. मी ठरवलं. बारशाले साडू येईन तवा आमच्या बैठकीत समुद्र पाहिजे.

आता मीठ टाकलं अन् झाला समुद्र, असं नसते. खरी गंमत टाकीच्या तळाशी असते. तिथं छेदांची एक जाळी, तिच्यावर जाड रेती, अन् हवेचा पंप दिवसरात्र गुणगुणत पाणी त्या रेतीतून खाली ओढते. त्या रेतीत जंतू राहातात. मासोळ्या पाण्यातच खातात, पाण्यातच घाण करतात, त्या घाणीचं विष होते, अन् हे जंतू ते विष खाऊन पाणी साफ ठेवतात. मासोळीले खाऱ्याची सवय लावाची तशी या जंतूईलेही लावाची. घाई केली तं मासोळी एकवेळ तगते, पण जंतू मरतात. अन् जंतू मेले का मासोळी आपल्याच घाणीत मरते. म्हणून मीठ हळूहळू, अन् रेतीले कोणी हात लावाचा नाही. मी तशी घरात ताकीदच देऊन ठेवली.

मामीजी आल्या त्याच दिवशी टाकीपाशी थांबल्या. "जवाईबापू, ही रेती काळी पडून राहिली. धुऊन देऊ का?"

"नाही मामीजी. त्यात जंतू आहेत."

"आहेत ना? मंग तेच तं म्हणून राहिली मी."

"ते चांगले जंतू आहेत. मीच पाळले."

मामीजीनं माझ्याकडे पाहिलं, मंग कुसुमच्या पोटाकडे पाहिलं. "घरात बाळंतीण निजणार, अन् तुम्ही जंतू पाळून राहिले?"

मी समजावून सांगितलं. त्याईनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "असं करा, रेती मले द्या. लाह्या फोडाच्या आधी आम्ही कढईत रेती भाजतो, तशी भाजून देते. जंतूही मरतीन, रेतीही राहीन." मी दात-ओठ खाऊन गप्प बसलो. जावई माणूस, काय बोलणार?

पाणी किती खारं झालं हे मोजाले माझ्यापाशी दुधाचा लॅक्टोमीटर होता. गवळ्याले पकडाले घेऊन ठेवला होता. काचेची ती नळी दुधात सोडली का दूध जेवढं घट्ट, तेवढी ती वर तरंगते. खाऱ्या पाण्यातही तसंच होते. चांगलं दूध जिथं थांबते त्याच्या जरासं खाली समुद्र थांबते, एवढा हिशोब मले पुस्तकावरून लागला होता. आमच्या गवळ्याचं दूध समुद्राच्याही खाली थांबाचं. आता सांगा, माणसाले राग येणार नाही तं काय?

अर्ध्या समुद्रावर आलो तवा मी मीठ वाढवणं थांबवलं. जंतूईले जरा दम खाऊ द्याचा होता. तवापासून चमचाभरही जास्तीचं मीठ टाकलं नाही, आईची शपथ. फक्त उन्हाळ्यानं पाणी खाली जाचं, तेवढं भरून काढत होतो. नागपूरचा मे महिना, त्यात मासोळ्याईले गरम होऊ नये म्हणून मी कूलरचं तोंड टाकीकडे फिरवलं होतं. कुसुम म्हणाली, "अन् मले गरम होत नाही का?" मी म्हटलं, तुले बोलता तं येते, त्याईले बोलताही येत नाही. तं रोज पाणी बोटभर उतराचं, अन् अर्धा समुद्र कालवून ठेवलेल्या बादलीतून मी रोज ते भरून टाकाचो. समुद्र कमी झाला तं समुद्रच टाकाचा. माझ्या कामात शिस्त असते.

अन् तरी लॅक्टोमीटरची नळी वर चढाले लागली.

पहिल्यांदा वाटलं, डोळ्याचा दोष. दुसऱ्या दिवशी अजून वर. आठवड्यात पाणी गढूळलं, वास मारू लागलं, मासोळ्या वर येऊन तोंड वासू लागल्या. मीठ भराभर वाढून राहिलं होतं, अन् रेतीतले जंतू मरून राहिले होते. मी वाढवत नव्हतो. मंग टाकीत मीठ कोण टाकून राहिलं?

घरात माणसं किती? मी. कुसुमले वाकताही येत नव्हतं. उरलं कोण?

आता माझं डोकं एकदा फिरलं का फिरलं. मले पुरावेच पुरावे दिसाले लागले. मामीजी लोणच्याच्या कैऱ्या खारवून राहिल्या होत्या, घरात जाड्या मिठाची गोणी उघडी. टाकीच्या काठावर मिठाचे दोन खडे सापडले. अन् एक दिवस हापिसातून आलो तं मामीजी कुसुमवरून मीठ-मोहऱ्या उतरवून राहिल्या होत्या. दृष्ट काढाची अन् मीठ चुलीत टाकाचं, हे मलेही माहीत आहे. पण आमच्या घरी चूल कुठं होती? स्टोव्ह होता. स्टोव्हात कोणी मीठ टाकते का? मंग ते मीठ गेलं कुठं? मी लगेच टाकीकडे पाहिलं.

माझ्या जंतूईले मारासाठी बाईनं हा डाव टाकला. धुऊ दिलं नाही, भाजू दिलं नाही, तं आता खारवून राहिली. असा संताप आला का काय सांगू.

पण जावयानं सासूले तोंडावर कसं बोलावं? आमच्याकडे तशी रीत नाही. माणूस लाख तापट असो, सासूवर आवाज चढवला तं चार गावात नाव जाते. पण लेकी बोले सुने लागे, ही तं आपली जुनीच पद्धत आहे ना? मी ती धरली.

सकाळी गवळी दारात आला. मामीजी आत भाजी निवडून राहिल्या होत्या. मी आवाज चढवला. "ज्याच्या घरी राहाचं, ज्याचं खाचं, त्याच्याच घरात मिलावट कराची, शरम नाही वाटत का गा?"

गवळी गडबडला. "साहेब, मी कुठं तुमच्या घरी राहून राहिलो?"

"चोरून मिसळाचं अन् वरून साळसूद चेहरा कराचा."

"पाणी पडलं असन थोडंसं, साहेब."

"पाण्याचं नाव काढू नको. मी मिठाचं बोलून राहिलो."

"दुधात मीठ कोण टाकते, साहेब?" बिचारा रडकुंडीले आला. अन् आतून मामीजीचा आवाज आला, "सोडू नका त्याले, बापू. आजकाल कोणावर भरवसा ठेवाचा नाही."

पाहिलं? उलटा चोर कोतवाल को डांटे. मी तं थक्कच झालो.

मंग मी रोजच सुरू केलं. जेवता जेवता कुसुमकडे पाहून म्हणाचं, "काही लोकाईचे हात लय लांब असतात वं." कुसुम म्हणे, "तुमचं चालू द्या," अन् कूस बदले. मामीजी म्हणत, "खरं आहे बापू, आमच्या गावातही आहे एक तशी." भिंतीले सांगाचो, "मीठ खाऊन मिठाले न जागणारे लोक पाहिले, पण मीठ टाकून बदला घेणारे पहिल्यांदाच पाहून राहिलो." मामीजी मान डोलवत. त्या बाईचं काळीज दगडाचं आहे, अशी माझी खात्री झाली. गवळी तं येणंच बंद झाला. दूध दुसरीकडून आणावं लागे, त्याचाही राग मी मामीजीच्याच खात्यात मांडला.

एक दिवस सकाळी उठून पाहतो तं दोन मासोळ्या उलट्या तरंगून राहिल्या. नळी समुद्राच्याही वर गेलेली. मी टाकीपुढं उभा राहून असा ओरडलो का शेजारचे बाहेर आले. "ज्याले माझ्या घरात राहून माझंच वाटोळं कराचं आहे, त्यानं आपली वाट धरावी. मले कोणाची गरज नाही."

थोड्या वेळानं पाहतो तं मामीजी पिशवी भरून राहिल्या. कुसुम खाटेवरून म्हणाली, "ऐकलं का, आई चालली गावाले, ती म्हणते का—"

"जाऊ दे," मी म्हटलं. "एक अक्षर सांगू नको मले."

"अहो, पण—"

"जाऊ दे म्हटलं ना."

मामीजी रिक्षात बसून स्टँडवर गेल्या. मले वाटलं, लागलं एकदाचं. कुसुम भिंतीकडे तोंड करून निजली. मी टाकीत रोजच्यासारखं बादलीतलं पाणी भरलं, रविवार होता म्हणून हापीसही नव्हतं, अन् भूक लागली तसा स्वयंपाकघरात गेलो. मामीजी वरण करून गेल्या होत्या. मी ते स्टोव्हवर ठेवलं अन् रागारागात मनातल्या मनात भाषण करत बसलो. वरण चांगलं दाट झालं. तोंडात घातलं तं खारट जहर.

"कुसुम," मी ओरडलो, "जाता जाता वरणातही मीठ टाकून गेली का तुझी माय?"

कुसुम भिंतीकडूनच बोलली. "आटलं असन. पाणी टाका थोडं."

मी गडव्यानं पाणी टाकलं, ढवळलं, चाखलं. बरोबर झालं.

अन् गडवा माझ्या हातातच राहिला.

वरण आटलं. पाणी गेलं, मीठ राहिलं. मी त्यात साधं पाणी टाकलं. मिठाचं पाणी नाही टाकलं. मिठाचं टाकलं असतं तं? मी टाकीकडे पाहिलं. कूलर फुरफुर करत पाणी उडवून राहिला होता. रोज बोटभर पाणी उडून जाचं, त्यातलं मीठ टाकीतच राहाचं, अन् वरून मी रोज नवं मीठ आणून ओतत होतो. तेही शिस्तीत.

स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. पण वेळ कुठं होता? बाळंतपण तोंडावर, अन् करणारी बाई स्टँडवर. सायकल काढली अन् भर दुपारी, डोक्याले दुपट्टाही न बांधता, नंदनवनातून स्टँडपर्यंत अशी हाणली का घशाले कोरड पडली.

कुहीची गाडी भरून उभी होती. मामीजी खिडकीपाशी बसलेल्या. मी खालूनच खिडकीचा गज धरला. "मामीजी, उतरा. चुकलो मी. माफ करा."

मामीजी दचकल्या. "काय झालं? कुसुमले कळा सुरू झाल्या का?"

"नाही, नाही. मी माफी मागून राहिलो."

"माफी कायची, बापू?"

आता पाहा. मले वाटलं, बाई माझ्याकडून नाक घासून घेऊन राहिली, चार लोकाईत वदवून घेऊन राहिली. अन् माफी मागतानाही माझा राग काही गेला नव्हता. म्हटलं, घ्या तं मंग, सारंच घ्या.

"ते गवळ्याले बोललो ना, ज्याचं खाचं त्याच्या घरात मिलावट कराची, ते गवळ्याले नव्हतं मामीजी, तुम्हाले होतं."

"मले?"

"हो. अन् लांब हाताचं बोललो, तेही तुम्हाले. मिठाले न जागण्याचं, तेही. आज सकाळी वाट धरा म्हटलं, तेही तुम्हालेच. तुम्ही माझ्या टाकीत मीठ टाकून राहिल्या असं मले वाटलं. पण ते मीच टाकत होतो."

मामीजीच्या बाजूले बसलेली म्हातारी म्हणाली, "सासूले असं बोलते का गा कोणी? अन् तेही मिठासाठी?" मागून एकजण म्हणाला, "तेही आपणच टाकून." कंडक्टर म्हणाला, "साहेब, तुमचं आटपत असन तं घंटी मारतो."

मामीजी सावकाश म्हणाल्या, "मी तं जुनी लुगडी आणाले चालली होती. लेकराच्या दुपट्याईले, लंगोटाईले. नवं कापड टोचते ना त्याले. घरच्या पेटीत मऊ झालेली ठेवली आहेत, उद्या पहिल्या गाडीनं वापस येत होती." मंग त्याईच्या ध्यानात आलं. "तं एवढे दिवस तुम्ही मले बोलून राहिले होते? अन् मी त्या गवळ्याले तुमच्याबरोबर शिव्या दिल्या."

मामीजीनं पदर डोक्यावर ओढला. "कुसुमले सांगा, लुगडी पाठवून देते कोणाच्या हातानं."

कंडक्टरनं घंटी मारली अन् गाडी गेली.

म्हणजे ज्या बाईले काहीच लागलं नव्हतं, तिले मी घाम गाळत, सायकल हाणत जाऊन, भरल्या गाडीत, एकेक वाक्य मोजून लावून आलो.

घरी गेलो. कुसुम उठून बसली होती. मी कसंबसं सांगितलं. ती ओरडली असती तं बरं झालं असतं, मी परत ओरडलो असतो. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी आईले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे तापट आहेत, बोलले तं वाईट वाटून घेऊ नको. तं ती म्हणे, साऱ्या जगावर ओरडते तुझा नवरा, पण माझ्यावर कधी आवाज नाही चढवत. लय मान ठेवते म्हणे माझा." अन् ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली.

टाकीतलं थोडं पाणी काढून मी साधं पाणी टाकलं. वरणात टाकलं तसंच.

दुसऱ्या दिवशी शेजारणीले कुसुमपाशी बसवलं अन् पहिल्या गाडीनं मी निघालो. सासुरवाडीत पोचलो तं अंगणात माझे सासरे मामाजी, चुलतसासरे, त्याईच्या बायका, सारे बसलेले. बातमी आदल्या दिवशीच मामीजीच्या गाडीनं पोचली होती. कोणी "या बसा" म्हटलं नाही. मामीजी ओसरीवर लुगड्याच्या घड्या घालून राहिल्या होत्या.

"मामीजी, चला," मी म्हटलं. "कुसुमसाठी तरी चला."

"येते ना," मामीजी म्हणाल्या. "लेक माझी आहे. पण एक काम करा, जवाईबापू. जे गवळ्याले बोलले, भिंतीले बोलले, ते एकदा मले बोला. इथं, समोर. किती राग होता ते मलेही पाहू द्या."

सारं अंगण माझ्याकडे पाहून राहिलं. माझा आवाज, तुम्हाले माहीत आहे, तीन घरं ओलांडून जाते. हापिसात साहेब मले भेते. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, अन् त्यातून निघालं, "मामीजी, थोडं पाणी मिळन का?"

मामीजीनं गडवा भरून दिला. मी पिऊन होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मंग म्हणाल्या, "बस? एवढाच होता का?" अन् लुगड्याची पिशवी माझ्या हातात देऊन पायात चपला घातल्या.

गाडीत बसाले एकच जागा होती. कुहीपासून नागपूरपर्यंत मी उभा आलो.